सेव्हन फॉल्सला पहिल्यांदा जाताना: टूसॉनच्या वाळवंटी डोंगरातली ओढ्याकाठची वाट

अॅरिझोनात शिकायला किंवा नोकरीला आलेला मराठी माणूस स्थिरस्थावर झाला की विचारतो, "इथं ट्रेकला कुठं जायचं?" टूसॉनमध्ये त्याला हमखास एकच उत्तर मिळतं, सेव्हन फॉल्स. शहराच्या ईशान्येला सांता कॅटलिना ही डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याशी सबीनो कॅन्यन (कॅन्यन म्हणजे खोल दरी), आणि त्याच्या शेजारच्या बेअर कॅन्यनमध्ये ओढ्याच्या काठाकाठाने आत शिरणारी ही वाट. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या धबधब्यांपर्यंत ती जाते, आणि तिथून पुढे पुश रिज विल्डरनेस या राखीव रानाच्या डोंगरात चढत राहते.

राजमाची किंवा हरिश्चंद्रगड केलेल्याला वाट म्हणून हिचं काही वाटणार नाही. पण सह्याद्रीत अंगवळणी पडलेल्या सवयी इथं उलट्या पडतात. तिकडे पाऊस सुरू झाला की आपण सॅक काढतो. इथं डोंगरमाथ्यावर पाऊस दिसला की ओढ्याच्या पात्रातून बाहेर पडायचं असतं. तिकडे गडावर टाकं असतं, पायथ्याच्या गावात कुणीतरी चहा टाकतं. इथं पाठीवर असेल तेवढंच पाणी. अगदी नवखी माणसं घाबरून का होईना, सांगितलेलं ऐकतात. फसतात ते "आम्ही खूप ट्रेक केलेत" म्हणणारे. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

१. आधी महिना ठरवा

नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम. त्यातही धबधबे पाहायचे असतील तर फेब्रुवारी-मार्च. डोंगराचा माथा, माउंट लेमन, नऊ हजार फुटांच्या वर आहे. तिथं हिवाळ्यात चांगला बर्फ पडतो आणि तो वितळला की ओढ्याला पाणी येतं. खाली निवडुंग आणि वर बर्फ, हे दृश्य पहिल्यांदा पाहताना गंमत वाटते.

मे-जूनमध्ये जाऊ नका. पारा सहज १०० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या वर जातो आणि ओढ्यात बहुधा डबकीच उरतात. "आम्ही नागपूरचे, आम्हाला उन्हाचं काय" असं म्हणणारे भेटतात. नागपूरला मे महिन्यात दुपारी बाराला कुणी डोंगर चढत नाही, एवढंच त्यांना आठवण करून द्यावं.

आणि जुलै ते सप्टेंबर? इथंही मान्सून असतो आणि त्याला मान्सूनच म्हणतात. हवामान खात्याच्या हिशेबाने १५ जून ते ३० सप्टेंबर. पण आपल्यासारखी झड लागत नाही. सकाळी आकाश निरभ्र, दुपारी डोंगरावर ढग जमतात आणि तासाभरात धो धो कोसळून मोकळे होतात. टूसॉनला वर्षभरात जेमतेम १०-११ इंच पाऊस पडतो. लोणावळ्यात जुलैच्या दोन-तीन जोरदार दिवसांत तेवढा होतो. मग एवढ्याशा पावसाला घाबरायचं कशाला? कारण इथल्या उघड्या खडकाच्या, तीव्र उताराच्या डोंगरात पाणी मुरत नाही, ते सरळ ओढ्यात येतं. भर म्हणून २०२० च्या जून-जुलैमध्ये बिगहॉर्न वणव्यात या रांगेतलं सुमारे १ लाख २० हजार एकर क्षेत्र जळलं. जळलेल्या उतारावरून पाणी आणखी वेगाने वाहतं आणि येताना राख, ओंडके, दगड घेऊन येतं.

पाऊस तुमच्या डोक्यावर पडत असेलच असं नाही. तो पाच मैल वर पडतो आणि खाली डोहात पाय सोडून बसलेल्याला ऊन लागत असतं. १९८१ च्या जुलैमध्ये याच भागातल्या टँके वेर्दे धबधब्यावर अशा लोंढ्यात आठ जण गेले. २०१७ च्या जुलैमध्ये राज्याच्या मध्यभागी पेसनजवळ ओढ्यात डुंबायला आलेल्या एकाच परिवारातले दहा जण वाहून गेले. वरच्या बाजूला नुकताच वणवा लागून गेला होता. तेव्हा उन्हाळ्यात जायचंच असेल तर पहाटे जा आणि दहाच्या आत गाडीशी परत या. पण पहिल्या खेपेला तो हट्ट नको.

२. ओढ्याला पाणी किती, हे घरबसल्या बघा

आपल्याकडे पायथ्याच्या गावात फोन करून विचारतात, "दादा, ओढ्याला पाणी किती आहे?" इथं ते काम अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याची वेबसाइट करते. शेजारच्या सबीनो ओढ्यावर प्रवाहमापक बसवलेला आहे आणि त्याचा आलेख फुकट बघायला मिळतो. आकडे घनफूट प्रतिसेकंदात असतात. एक घनफूट म्हणजे २८ लिटर. आकड्यापेक्षा रेषा बघा. चार दिवस सपाट किंवा हळूहळू उतरत असेल तर ठीक. कालपासून एकदम वर गेली असेल तर पुढच्या शनिवारी जा.

सबीनोचा आकडा म्हणजे बेअर कॅन्यनचा आकडा नव्हे, पण दोन्ही ओढे एकाच डोंगरातून येतात, त्यामुळे अंदाज येतो. शिवाय राष्ट्रीय हवामान सेवेच्या टूसॉन कार्यालयाचा अंदाज वाचा. 'फ्लॅश फ्लड वॉच' म्हणजे लोंढा येण्याजोगी हवा, 'वॉर्निंग' म्हणजे लोंढा आलाय किंवा येतोच आहे. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर बेत रद्द. निघायच्या दिवशी सबीनो कॅन्यनच्या व्हिजिटर सेंटरमध्ये विचारा. तिथले स्वयंसेवक बहुतेक निवृत्त, वर्षानुवर्षं हाच डोंगर पाहणारे, आणि बोलायला उत्सुक असतात.

३. कागदपत्रं आणि पैसे

दिवसाच्या ट्रेकला वेगळा परवाना लागत नाही. जवळ हे ठेवा:

- प्रवेश पास. सबीनो कॅन्यन हे कोरोनाडो राष्ट्रीय वनक्षेत्रात येतं. दिवसाचा पास ८ डॉलर, आठवड्याचा १०, वर्षाचा ४०. राष्ट्रीय उद्यानांचा 'अमेरिका द ब्यूटिफुल' पास असेल तर तोही चालतो. दर अधूनमधून वाढतात, आदल्या दिवशी बघून घ्या.
- ओळखपत्र आणि व्हिसाची कागदपत्रं. मेक्सिकोची सीमा इथून तासाभराच्या अंतरावर आहे. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आय-९४ (देशात आल्याची नोंद) किंवा ग्रीन कार्डासारखा नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा देशाचा कायदाच आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, ओढा ओलांडायचाय.
- आरोग्य विम्याचं कार्ड. हेलिकॉप्टर अँब्युलन्सचं बिल काय येतं, हे एखाद्या जुन्या माणसाला विचारा.
- कुणाच्या तरी हाती सोपवलेला निरोप: कोणती वाट, किती जण, किती वाजेपर्यंत परत, आणि त्यानंतर फोन आला नाही तर काय करायचं. रूममेटला व्हॉट्सअॅप केलंत तरी चालेल, पण "ट्रेकला जातोय" एवढं पुरत नाही.

४. सॅक भरताना

पाणी सगळ्यात आधी. थंडीत माणशी तीन लिटर, मार्च-एप्रिलच्या उन्हात पाच. सबंध अंतर जाऊन-येऊन १३-१४ किलोमीटर आहे, रमतगमत पाच तास लागतात. गार हवेत तासाला अर्धा लिटर आणि उन्हात एक लिटर असा ढोबळ हिशेब. अर्धं पाणी संपलं की जिथं असाल तिथून मागे फिरायचं, धबधबा समोर दिसत असला तरी. ओढ्याचं पाणी नितळ दिसतं म्हणून तोंड लावू नका. फिल्टर किंवा क्लोरीनच्या गोळ्या असतील तरच ते आणीबाणीचं पाणी धरा.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. कोकणात घाम निथळतो, शर्ट पिळून काढता येतो, त्यामुळे अंगातलं पाणी चाललंय हे कळतं. इथली हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो. अंग कोरडंच राहतं आणि "मला घामच आला नाही" असं वाटतं. टोपीच्या कडेला आणि सॅकच्या पट्ट्यांखाली मिठाची पांढरी रेघ उमटली की समजा, बरंच पाणी गेलंय. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ परत गेलं पाहिजे. नाहीतर डोकं दुखणं, मळमळ इथून सुरुवात होते. एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर घाला किंवा कोकमचं आगळ मीठ घालून. खायला खारे शेंगदाणे, चिक्की, थालीपीठ, खाकरा. चॉकलेट नेऊ नका, त्याचं सॅकमध्ये सरबत होतं.

बूट जुने, सरावाचे, पकड असलेले. सँडल नकोत. त्याचं कारण काट्यांच्या मुद्द्यात येईल. मोज्यांचा जादा जोड, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती किंवा पातळ शर्ट, सनस्क्रीन. काठी एक तरी हवी, ओढ्यात तिसरा पाय लागतो. हेडटॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. कॅन्यनमध्ये शिरल्यावर रेंजचा भरवसा धरू नका.

आणि एक फणी. साधी, मोठ्या दातांची. सोबत चिमटा.

काचेची बाटली आणि दारू सबीनो कॅन्यनमध्ये आणायला मनाई आहे. कुत्राही आणता येत नाही.

५. सुरुवात

उजाडता उजाडता पार्किंगमध्ये पोचा. मार्चमधल्या शनिवार-रविवारी उशिरा गेलात तर गाडी लावायला जागा मिळत नाही. डिसेंबरात साडेपाचच्या आधी सूर्य मावळतो आणि कॅन्यनच्या तळात त्याच्याही आधी सावली पडते. दुपारी एकला निघून "होईल आरामात" हा हिशेब तिथं बसत नाही.

व्हिजिटर सेंटरपासून बेअर कॅन्यनच्या तोंडापर्यंत डांबरी रस्ता आणि सपाट वाट आहे. बॅटरीवर चालणारी शटल गाडी असते, पण ती बेअर कॅन्यनच्या बाजूला त्या दिवशी जातेय का, हे तिकिटाच्या खिडकीवर विचारा. नसेल तर चाला, एवढं काही नाही. नेहमीचा घोळ असा: सबीनो कॅन्यनचीच गाडी पकडायची, शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि "सेव्हन फॉल्स कुठाय" म्हणून विचारायचं. ते दुसरं कॅन्यन. दोन वेगळ्या गाड्या, दोन वेगळी तिकिटं.

पाणी व्हिजिटर सेंटरलाच भरून घ्या आणि तिथल्याच स्वच्छतागृहाला जाऊन या.

६. सात वेळा ओढा ओलांडणं

वाट मळलेली आहे, चुकायला वाव कमी. ओढा सात वेळा ओलांडावा लागतो. कोरड्या दिवसांत दगडावरून दगडावर उड्या मारत बूट न भिजवता जाता येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र पाणी नडगीला, कधी गुडघ्याला लागतं आणि ते काही तासांपूर्वीचं बर्फ असतं. पहिल्या ओलांडणीला सगळे ओरडतात, तिसरीपर्यंत पाय बधिर झालेले असतात.

बूट काढू नका. अनवाणी पाय बधिर झाल्यावर बोट कुठं ठेचलं ते कळतही नाही. बूट घालूनच उतरा, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेका, एका वेळी एकच पाय हलवा, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा. पडलातच तर सॅक टाकता आली पाहिजे. पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल किंवा गुडघ्याच्या वर जोर लागत असेल तर पार करू नका. ओलांडत असताना स्वच्छ पाणी एकाएकी तांबूस झालं, काटक्या-पाचोळा वाहत आला, किंवा वरून मालगाडीसारखी घरघर ऐकू आली तर फोटोच्या भानगडीत न पडता उतारावर चढा. ओढ्याच्या दिशेने खाली पळू नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगवान असतं. पलीकडे अडकलात तर वाट बघा. लोंढा जसा झटकन येतो तसा काही तासांत ओसरतोही.

सगळ्यात जास्त उतावीळपणा परतीच्या वेळी होतो. सकाळी पार केलेलं पाणी दुपारी वाढलेलं असू शकतं, कारण वर ऊन लागून बर्फ वितळत असतो.

शेवटच्या ओलांडणीनंतर वाट ओढा सोडून वळणं घेत अंगावर चढते. इथं नजर ठेवा. धबधबे डावीकडे खाली दिसायला लागतात, आणि त्यांच्याकडे उतरणारी छोटी वाट मुख्य वाटेला डावीकडे फुटते. गप्पांच्या नादात ती निसटते आणि लोक तसेच वर चढत राहतात.

७. धबधब्याशी

इथला खडक आपला काळा पाषाण नाही. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा नाइस आहे, पाण्याने घासून गुळगुळीत झालेला. कोरडा असताना त्यावर बूट उत्तम धरतो. ओला झाला, वर शेवाळाचा पातळ थर आला, की तोच खडक हातपाय मोडतो. एका डोहातून वरच्या डोहाकडे चढण्याचा मोह सगळ्यांना होतो. चढताना जमतं, उतरताना पंचाईत होते. डोहात सूर मारू नका. तळ दर पुरानंतर बदलतो, गेल्या वर्षी खोल असलेल्या जागी यंदा धोंडा असतो.

८. काटे, साप, माश्या

सवारो, म्हणजे हात वर करून उभे असलेले ते उंच निवडुंग, तुमच्या वाटेला जात नाहीत. त्यांना इजा करणं राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तुम्हीही त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्रास देतो तो चोया हा दुसरा निवडुंग. लांबून मऊ, सोनेरी लव असलेला दिसतो, उन्हात तर फारच देखणा. त्याची कांडी नुसत्या स्पर्शाने तुटून बुटाला, पोटरीला, सॅकला चिकटते. काट्यांना मागे वळलेली सूक्ष्म कुसळं असतात, त्यामुळे आत सहज जातात आणि ओढलं की कातडी घेऊन वर येतात. पहिली चूक प्रत्येकाची ठरलेली: ती कांडी दुसऱ्या हाताने उपटायला जायचं, मग ती त्या हाताला चिकटते. फणीचे दात कांडी आणि कातडी यांच्यामध्ये सरकवा आणि झटक्यात बाहेर उडवा. समोर कुणी उभं नाही ना, ते बघून. उरलेले सुटे काटे चिमट्याने.

साप म्हणजे मुख्यतः खुळखुळ्या शेपटीचे रॅटलस्नेक. आपल्याकडे फुरसं खवले घासून आवाज करतं, तसाच हा शेपटी वाजवून बजावतो. आवाज आला की जागच्या जागी थांबा, तो कुठं आहे ते डोळ्यांनी शोधा, मग मागे सरका. कानात इअरफोन घालून चालू नका. दिसत नाही अशा कपारीत हात घालू नका, बसण्याआधी दगडामागे बघा. चावलाच तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं, बर्फ लावणं यातलं काहीही करायचं नाही. अंगठी-घड्याळ काढा, चावलेल्याला शांत ठेवा आणि ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करा. मराठी घरांत अजूनही कुणीतरी आवळपट्टीचा सल्ला देतो, तो ऐकू नका.

मधमाश्यांचं मात्र तुम्हाला शिकवायला नको. आग्यामोहोळाचे अनुभव ऐकूनच आपण वाढलो. इथं १९९० च्या दशकात आफ्रिकी वाणाच्या आक्रमक माश्या आल्या. अत्तर लावू नका, आरडाओरडा करू नका, अंगावर आल्या तर चेहरा झाकून पळत सुटा. पाण्यात बुडी मारून लपायला जाऊ नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

९. विल्डरनेसचे नियम

१९६४ च्या कायद्याखाली अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, काही जंगलं 'विल्डरनेस' म्हणून राखते. पुश रिजला तो दर्जा १९७८ मध्ये मिळाला. तिथं वाहन नाही, सायकल नाही, ड्रोन उडवायचा नाही. इथल्या मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या जवळपास नाहीशा झाल्या होत्या. २०१३ पासून त्या पुन्हा आणून सोडल्या. त्यांच्यासाठी राखलेल्या भागात दिवसा १५ पेक्षा आणि मुक्कामाला ६ पेक्षा मोठा गट चालत नाही. १ जानेवारी ते ३० एप्रिल या विणीच्या काळात पायवाटेपासून ४०० फुटांपलीकडे जायला बंदी आहे. मंडळाची पन्नास जणांची सहल काढायची असेल तर सबीनोच्या पायथ्याच्या पिकनिकच्या जागा बऱ्या.

कचरा म्हणजे संत्र्याची साल आणि शेंगदाण्याची टरफलंसुद्धा. कोरड्या हवेत ती कुजत नाहीत. स्पीकर लावून गाणी नकोत. वाटेत समोरून येणाऱ्याला 'हाय' म्हणायची रीत आहे, आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

१०. काही बिनसलं तर

९११ ला फोन लागत नसेल तर मेसेज पाठवून बघा, कधीकधी तो जातो. नेमकी जागा सांगा: कितव्या ओलांडणीच्या अलीकडे की पलीकडे. ओलांडण्या मोजत जायचं ते याचसाठी. सोडवायला येणारे बरेचसे स्वयंसेवक असतात आणि ते चालत येतात, म्हणून सावलीत बसून राहा, इकडेतिकडे हिंडू नका. विषबाधा किंवा दंशाबद्दल विचारायला १-८००-२२२-१२२२ हा देशभरचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

११. यानंतर कुठं

ही वाट झेपली तर त्याच डोंगरातलं सबीनोच्या वेस्ट फोर्कवरचं हचेस पूल किंवा पश्चिम बाजूचे रोमेरो पूल्स बघा. दोन्हीकडे चढ जास्त. आणि ओढ्यातूनच चालायची आवड लागली असेल तर टूसॉनच्या उत्तरेला अरावाइपा कॅन्यन आहे. तिथं बांधलेली वाट नाही, पात्र हीच वाट. दिवसाला एकूण ५० जणांनाच सोडतात, ३० पश्चिमेकडून आणि २० पूर्वेकडून. परवाना रिक्रिएशन डॉट गव्हवर आधी काढावा लागतो. वसंतातले शनिवार-रविवार लवकर भरतात, म्हणून मधला वार धरा. आणि साधी गाडी असेल तर पश्चिमेकडचंच टोक निवडा. पूर्वेच्या रस्त्याला उंच गाडी लागते.